ट्रॅक्टर ४५ चा, नांगर कितीचा? स्वस्ताईच्या हंगामात पाथर्डीकरांनी मांडायचा हिशेब

पाथर्डी : ट्रॅक्टर आणि शेती औजारांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग तर १८ वरून थेट ५ टक्क्यांवर आले. करापूर्वीची किंमत ७ लाख असलेल्या ट्रॅक्टरमागे ४९ हजार रुपये वाचतात, दीड लाखाच्या नांगरामागे साडेदहा हजार. त्यामुळे तालुक्यात सध्या पारावर, चहाच्या टपरीवर, बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर एकच विषय आहे, कोणी कोणता ट्रॅक्टर काढला आणि त्याला कोणता नांगर जोडला.

ट्रॅक्टर घेताना माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो, नातेवाइकांना फोन लावतो, जुन्या ड्रायव्हरला सोबत नेतो. नांगराचं मात्र तसं होत नाही. ट्रॅक्टर ठरला की नांगर शेजाऱ्याकडं बघून ठरतो. त्याच्याकडं दोन फाळी पलटी असेल तर आपण तीन फाळी घ्यायचा. लोखंड जास्त दिसलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पुढं जाऊन डिझेल, टायर, क्लच आणि हप्ता या चारही गोष्टी त्या एका निर्णयावर अवलंबून राहतात, हे मात्र पहिल्या उन्हाळ्यातच कळतं.

एकेकाळी लोखंडी नांगर म्हटला की शेतकरी लांब पळायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती आणि ते नांगर लवकर खपेनात. आता उलटं झालंय. जितकं लोखंड जास्त तितका नांगर भारी, असं समजलं जातं.

ओढ किती लागते

नांगराचं माप समजून घ्यायचं असेल तर एचपी बाजूला ठेवून आधी माती बघावी लागते. नांगर मातीचा एक चौकोनी पट्टा कापतो आणि उलटा टाकतो. त्या पट्ट्याची रुंदी गुणिले खोली म्हणजे कापलेला भाग. त्या भागातल्या दर चौरस सेंटिमीटरला माती किती अडते, त्यावर ओढ ठरते. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत हा अडथळा चौरस सेंटिमीटरला पाव-तीस शतांश किलोच्या आसपास असतो. वाफशावरच्या काळ्या जमिनीत साधारण ०.७ किलो धरतात. तीच काळी जमीन एप्रिल-मेमध्ये दगडासारखी वाळली की एक किलोच्या घरात जाते, कधी त्याच्याही पुढं.

आता १२ इंची फाळांचा दोन फाळी नांगर घेऊ. रुंदी २४ इंच, म्हणजे ६० सेंटिमीटर. खोली ८ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर. वाफशावरच्या काळ्या रानात ६० गुणिले २० गुणिले ०.७ केलं की ओढ ८४० किलो येते. तासाला ४ किलोमीटर वेगानं हे ओढायला साडेबारा एचपी लागतात. पण हे साडेबारा एचपी मागच्या हुकावर मिळायला हवेत, इंजिनात नव्हे. गिअर, चाकांची घसर, मऊ माती या सगळ्यात इंजिनाची जवळपास निम्मी ताकद वाटेतच जिरते. म्हणजे इंजिन २५ एचपीचं लागतं. वर कडक पट्टा आला, चढ लागला, तर त्यासाठी थोडी शिल्लक हवी. एकूण ३० ते ३२ एचपी झाले.

इथपर्यंत सगळं आवाक्यात दिसतं. पण गावात नांगरट सांगणारा मालक बांधावर उभा राहून म्हणतो, अजून खाली घाल. खोली १० इंच केली की ओढ ८४० वरून १०५० किलोवर जाते आणि इंजिन ४० एचपीच्या जवळ लागतं. तेच रान मेमध्ये पूर्ण वाळलेलं असेल तर ओढ १५०० किलोवर जाते आणि ५० च्या पुढचा ट्रॅक्टरही घुमायला लागतो. नांगर तोच, फाळ तेच, ट्रॅक्टरही तोच. दोन इंच खोली आणि दोन महिन्यांचं ऊन, एवढाच फरक.

तीन फाळीचं गणितही असंच आहे. रुंदी ९० सेंटिमीटर होते. वाफशावर ८ इंच खोलीला १२६० किलो ओढ, म्हणजे शिल्लक धरून ४६ एचपीच्या आसपास. १० इंचाला १५७५ किलो, म्हणजे ५५ च्या पुढं. त्यामुळे ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला तीन फाळी जोडलेला शेतकरी जेव्हा ओढतोय की म्हणून सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. वाफसा बरोबर असेल, खोली सात-आठ इंचच असेल, तर ओढतो. पण असे दिवस वर्षात किती मिळतात? बाकीच्या दिवसांत ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये काळा धूर सोडत, चाकं घासत चालतो. आठ इंचाचं काम पाच इंचावर होतं आणि वर भलीमोठी ढेकळं निघतात.

फाळाच्या रुंदीचा आणि खोलीचाही मेळ असतो. १२ इंची फाळ सात-आठ इंच खोलीवर मातीचा पट्टा नीट पलटी करतो. त्याला बळंच बारा इंच खाली घातलं तर पट्टा उलटत नाही, नुसता उभा राहतो. हराळीच्या काशा वरच राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतात. पैसे खोल नांगरटीचे जातात आणि खुरपणीची मजुरी परत द्यावी लागते.

एका गावात दोन जमिनी

पाथर्डी तालुक्याची खरी अडचण अशी की इथं एका गावात, कधी कधी एकाच गटात दोन तऱ्हेची जमीन असते. गर्भगिरीच्या डोंगररांगेला लागून असलेल्या माणिकदौंडीसारख्या भागात वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तिथं बाजरी, मूग, तूर असली कमी पाण्याची पिकं. खाली ओढ्या-नद्यांच्या कडेला काळी, चिकट जमीन, तिथं कापूस, कांदा, ज्वारी, हरभरा आणि पाणी असेल तिथं ऊस. एकाच नांगरानं दोन्हीकडं सारखी खोली धरली की एका ठिकाणी तरी नुकसान ठरलेलं.

मुरमाड रानात खोल नांगर म्हणजे स्वतःच्या हातानं मुरूम वर काढणं. वरची सहा-सात इंच माती तयार व्हायला पिढ्या जातात आणि ती एका दुपारी खाली गाडली जाते. अशा रानात दर वर्षी पलटी नांगर घालायची गरजच नाही. फणाची पाळी पुरते. मोगडा, कुळव यांनी काम भागतं आणि पलटी दोन-तीन वर्षांतून एकदा, तीही उथळ, पुरेशी होते. दगडगोटे जास्त असतील तर फाळापेक्षा तव्यांचा नांगर बरा. तवा दगडावरून फिरत वर जातो. फाळ अडकतो आणि मग बोल्ट तुटतो, नाहीतर नांगराचा खांब वाकतो.

काळ्या रानात वेगळा प्रश्न असतो. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर, त्यावर रोटाव्हेटर आणि वरून ऊस-कांद्याच्या भरलेल्या ट्रॉल्या. यामुळं नांगराच्या तळाखाली कडक थर बसतो. पाणी त्याच्या खाली जात नाही आणि मुळंही जात नाहीत. त्यावर इलाज म्हणून शेतकरी आणखी मोठा पलटी नांगर शोधतो. तिथं गरज असते ती छिजल नांगराची. तो माती उलटत नाही, फक्त थर फोडतो. तीन-चार वर्षांतून एकदा, रान कोरडं असताना, भाड्यानं आणून मारला तरी चालतो. ओल्या रानात तो नुसती चिरी पाडतो, थर फुटत नाही.

यंदा यात सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीची भर पडली आहे. तालुक्यातल्या नदी-ओढ्याकाठच्या जमिनी खरडल्या, बांध वाहून गेले, कुठं माती गेली तर कुठं वाळू-गाळ येऊन बसला. राज्य सरकारनं ऑक्टोबरमध्ये जाहीर केलेल्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं धरली होती. पैसा कोणाला किती मिळाला हा वेगळ्या बातमीचा विषय आहे. पण अशा रानात पहिला नांगर कसा घालायचा, हे ज्यानं त्यानंच ठरवायचं आहे. जिथं वरची माती गेली तिथं खोल नांगर घालणं म्हणजे उरलेली मातीही मुरमात मिसळणं. तिथं आधी गाळ-माती भरणं, बांध घालणं आणि मगच उथळ मशागत. जिथं दोन-चार इंच गाळ किंवा बारीक वाळू आली आहे, तिथं पलटीनं खालच्या मातीत मिसळता येतं. फूटभर वाळू असेल तर ती उचलावीच लागते, नांगरानं ती जात नाही.

उताराच्या रानात पलटी नांगराचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. साध्या एकबाजू नांगरानं रानाच्या मधोमध उघडं तास राहतं. ते उताराच्या दिशेनं असेल तर पहिल्या मोठ्या पावसात त्याचा ओहोळ होतो. पलटी नांगर जाता-येता माती एकाच बाजूला टाकतो, मधलं तास राहत नाही आणि आडव्या नांगरटीत माती वरच्या अंगाला टाकत नेता येते. हे सगळं दोन फाळी पलटीतही मिळतं, त्यासाठी तिसरा फाळ लागत नाही.

एकरं किती, दिवस किती

आता क्षेत्राचं बघू. मोठं रान असेल तर मोठा नांगर, हे वरवर पटतं. पण आकडे मांडले की वेगळंच दिसतं. ६० सेंटिमीटर रुंदीचा दोन फाळी नांगर ४ किलोमीटरच्या वेगानं, वळणं-थांबे धरून, तासाला जवळपास ०.४५ एकर उरकतो. एका एकराला सव्वादोन तास. आठ तासांच्या दिवसात साडेतीन एकर. तीन फाळी त्याच वेगानं चालला तर दिवसाला पाच एकरांच्या थोडं वर जातो.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. ही नांगरट दोन फाळीचा एक दिवसही धड पुरवत नाही. पाच एकरवाल्याचं काम दीड दिवसात होतं. तीन फाळी घेतला तर त्याचे चार तास वाचतील. वर्षातले चार तास वाचवायला जास्तीचे पैसे आणि जास्तीचं वजन ओढायचं का, एवढाच प्रश्न उरतो.

खरं तर पाच एकरवाल्यानं आधी विचारायचा प्रश्न नांगराच्या मापाचा नाहीच. नांगर घ्यायचाच का, हा आहे. समजा नांगरटीचं भाडं एकरी २ हजार आहे. स्वतःचा ट्रॅक्टर असेल तर एकराला दहा लिटरच्या आसपास डिझेल, फाळाची झीज, ड्रायव्हर धरून हजारभर रुपये खर्च येतो. म्हणजे एकरी हजार रुपये वाचले, पाच एकरांचे पाच हजार. दीड लाखाचा नांगर फिटायला तीस वर्षं. अर्धं अनुदान मिळालं तरी पंधरा. पाच वर्षांत पैसे वसूल करायचे असतील तर वर्षाला तीस एकर नांगरट हवी. स्वतःची पाच आणि बाहेरची पंचवीस. भाव आणि डिझेल ज्याच्या त्याच्या गावचं घालून हा हिशेब वहीच्या एका पानावर होतो.

ती तीस एकरंही दोन फाळी नांगर नऊ दिवसांत उरकतो. काढणीनंतर मृगापर्यंतच्या मोकळ्या काळातले ४५ दिवस जरी काम मिळालं तरी दीडशे एकरांच्या वर होतात. एवढं काम एका गावात मिळतं का? तिथंच खरी मेख आहे. जीएसटी सर्वांनाच कमी झालाय. शेजाऱ्यानंही ट्रॅक्टर काढलाय, त्याच्या चुलत्यानंही. सगळे भाड्याच्या भरवशावर आहेत आणि रान तेवढंच आहे. तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती एकदम उन्हाळ्यात परततात. त्यांच्या रानाची नांगरट भाड्यानंच होते आणि पैसे बहुतेकदा उचल किंवा पट्टी आल्यावर. म्हणजे धंदा आहे, पण उधारीचा आहे. बँकेचा हप्ता मात्र उधारीवर चालत नाही.

मोठ्या नांगराला न्याय मिळतो तो वेळेच्या घाईत. काळ्या रानात वाफसा चार-सहा दिवसच टिकतो, त्यात काम उरकलं तर ढेकळं कमी निघतात आणि डिझेलही कमी लागतं. ज्याचा ट्रॅक्टर ५५ च्या पुढचा आहे, रान सलग आणि काळं आहे, आणि हाताशी शंभरावर एकरांची खात्रीची भाडी आहेत, त्यानं तीन फाळी जरूर घ्यावा. मुद्दा या तिन्ही गोष्टी एकत्र असण्याचा आहे.

लहान तुकड्यांत तर मोठा नांगर अडचणच करतो. तीन फाळी पलटी लांब असतो, त्याला वळायला जास्त जागा लागते. अर्ध्या-पाऊण एकराच्या पट्टीत दोन्ही टोकांना कोपरे राहतात. ते काढायला गेलं की फाळ बांधाला लागतो. बांध कोरल्यावरून तालुक्यात किती भांडणं तहसील आणि पोलीस ठाण्यापर्यंत गेलीत, हे वाचकांना सांगायला नको.

वजन, टायर आणि घाट

नांगर ओढणं वेगळं आणि उचलणं वेगळं. हायड्रॉलिक पलटीत फाळांचा दुहेरी संच असतो, त्यामुळं साध्या नांगरापेक्षा तो कितीतरी जड भरतो. दोन फाळी तीन-साडेतीनशे किलोच्या पुढंच, तीन फाळी त्याहून बराच जास्त. हे वजन मागच्या चाकांच्याही मागं लोंबतं. लिफ्टची क्षमता दीड टन लिहिलेली असली तरी नांगर जितका लांब तितकी ती कमी पडते. पुढचा अ‍ॅक्सल हलका होतो आणि स्टिअरिंग हवेत फिरल्यासारखं वाटतं. रानात हे एकवेळ चालतं. पण नांगर उचलून करंजी घाटातून ट्रॅक्टर खाली आणताना पुढची चाकं जमीन धरत नसतील तर तो जिवाशी खेळ आहे. पुढं वजनं लावणं हा खर्च नांगराच्या किमतीतच धरायला हवा.

जुन्या ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक बघायचं. हायड्रॉलिक पलटीला ट्रॅक्टरवर बाहेरचं तेल सोडणारा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. अनेक जुन्या ट्रॅक्टरांना तो नसतो, बसवून घ्यावा लागतो. लिव्हरनं पलटी होणारा साधा नांगरही मिळतो, तो स्वस्त आहे आणि कमी एचपीला बरा पडतो.

टायरचा आणि तासाचाही मेळ बघावा. नांगरताना एक चाक आधीच्या तासात चालतं. १३.६ इंची टायर १२ इंची फाळाच्या तासात जेमतेम बसतो, १४.९ इंची तर नुकती उलटलेली माती दाबतच जातो. रुंद टायरवाल्यानं १४ इंची फाळ बघावा, पण मग रुंदी वाढली म्हणून ओढही वाढली, हे विसरू नये.

अनुदानाचा एकच झटका

महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात पलटी नांगराला अनुदान आहे. अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना मर्यादेच्या आत ५० टक्के, इतरांना ४० टक्के. २०२५ पासून सोडत बंद होऊन आधी अर्ज करणाऱ्याला आधी लाभ अशी पद्धत आली आणि फार्मर आयडी सक्तीचा झाला. त्यामुळं सेवा केंद्रावर घाईघाईत अर्ज भरले जातात. अर्जात ट्रॅक्टरची एचपी श्रेणी आणि औजाराचा प्रकार निवडावा लागतो आणि गडबडीत केंद्रचालकच तो निवडून टाकतो.

इथली चूक महागात जाते. एकदा एखाद्या औजारासाठी लाभ घेतला की त्याच औजारासाठी पुढची १० वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणजे ४० एचपीच्या आरसीवर तीन फाळी घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला तो दहा वर्षं तरी तसाच ओढावा लागतो, नाहीतर पडत्या भावानं विकून स्वतःच्या पैशानं दुसरा घ्यावा लागतो. पूर्वसंमती येण्याआधी नांगर घरी आणला तर अनुदानच जातं, हेही अजून अनेकांना ठाऊक नाही. विक्रेता म्हणतो आजच घेऊन जा, कागद नंतर बघू. कागद नंतर बघितले जात नाहीत.

नांगर घेण्याआधी तो आपल्या रानात चालवून बघणं सगळ्यात चांगलं. ज्याच्याकडं तसा नांगर आहे त्याला एकरभराचं भाडं द्यायचं, पण ट्रॅक्टर आपला जोडायचा. मागच्या मोठ्या चाकाला खडूनं खूण करायची. नांगर वर उचलून चाकाचे बरोबर १० फेरे होऊ द्यायचे आणि तेवढं अंतर दोन काठ्या रोवून धरायचं. मग तेच अंतर नांगर नेहमीच्या खोलीवर टाकून कापायचं आणि फेरे मोजायचे. साडेअकरा भरले तर घसर १३ टक्के, म्हणजे जोडी बरोबर बसली. साडेबारा भरले तर घसर २० टक्क्यांवर गेली, म्हणजे पाच लिटर डिझेलमधलं एक लिटर चाक जागच्या जागी फिरवण्यात गेलं. अशा वेळी आधी खोली एक इंच कमी करून, टॉपलिंक नीट लावून आणि मागच्या टायरात पाणी भरून पुन्हा मोजायचं. तरीही साडेबाराच भरत असतील तर एक फाळ कमी असलेला नांगर बघायचा. आणि ही चाचणी फेब्रुवारीतल्या ओलीवर नव्हे, ज्या महिन्यात आपण दर वर्षी नांगरट करतो त्याच महिन्यात घ्यायची.